खिशात पैसे नाहीत आणि पारायण सुरू झालंय: अशी उतरवलेली पोथी वाचावी का?

माळावरची
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. घरात कुणाशी हे बोलता येत नाहीये.

बाबा माळकरी आहेत. दर श्रावणात ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. आजोबांची मूळ ओव्यांची पोथी घरात आहे, पण यंदा त्यांना अर्थासकट वाचायचं होतं. वारीत एका दिंडीत त्यांनी एक नवं विवरण ऐकलं. तीन खंड आहेत, टाइप मोठा आहे. बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, त्यामुळे मोठ्या टाइपाचं त्यांना फार अप्रूप. तिन्ही खंडांचे मिळून २४०० रुपये. मी विनाअनुदानित शाळेत शिकवते आणि चार महिने पगार झालेला नाही. बाबांनी किंमत ऐकली आणि विषयच बंद केला. "राहू दे, ओव्या पाठ आहेत मला," एवढंच म्हणाले.

मग एका टेलिग्राम ग्रुपवर पहिल्या खंडाची पीडीएफ सापडली. झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट छापून, स्पायरल घालून आणली. ४१२ पानं, साडेतीनशेच्या वर गेले. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी ती देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं.

चौथ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवत होते. बाबा वाचता वाचता थांबले. "इथं पानं नाहीत गं." पाहिलं तर १९६ ते २०३ गायब. त्याआधी ८७ व्या पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय, त्याखाली दोन ओळी झाकल्यात. आणि पहिल्याच पानावर कुठल्याशा वाचनालयाचा निळा गोल शिक्का, अर्धवट उमटलेला. बाबांनी शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, "कुठून आणलीस?" मी म्हणाले, शाळेतल्या एका बाईंनी दिली.

पोथी वाचणाऱ्या माणसाशी, पोथीबद्दलच, खोटं बोलले. तेव्हापासून चैन नाही. विवरण लिहिणारे गृहस्थ हयात आहेत, ऐंशीच्या पुढचे. तुम्ही सांगा, पैसे नसताना देवाधर्माचं पुस्तक असं घेणं ही चोरी आहे का?

टाळकरी
माउली, मनाला इतकं लावून घेऊ नका. आपल्या परंपरेत पोथी विकत घ्यायची वस्तू कधी होती? एकाची पोथी दुसरा उतरवून घ्यायचा. फडावर रात्र रात्र बसून नकला व्हायच्या. ज्ञानेश्वरीच्या शेवटीच आहे, शके १२१२ मध्ये टीका झाली आणि सच्चिदानंदबाबा आदरानं लेखक, म्हणजे लिहून घेणारे झाले. त्यांनी माउलींकडून हक्क विकत घेतले होते का? तुकोबा म्हणतात आमच्या घरी शब्दांचंच धन, आणि ते जनलोकांना वाटायचं. वडिलांना वाचू द्या. पुण्यच आहे.

सरळमार्गी
टाळकरींशी सहमत. आणि व्यवहारानं बघितलं तरी तुम्ही २४०० चं पुस्तक घेणारच नव्हतात. मग प्रकाशकाचं नुकसान कुठं झालं? त्याच्या गोदामातली एकही प्रत कमी झाली नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला आठवा. मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता आणि २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला.

टीपकागद
त्या निकालाचा इथं आधार घेता येणार नाही. तो शिकवण्यासाठी नेमलेल्या भागांच्या झेरॉक्सबद्दल होता. घरी वाचायला आख्खं पुस्तक ग्रुपवरून उतरवणं हा वेगळा मामला. स्वतःच्या अभ्यासापुरत्या रास्त वापराला कायद्यात जागा आहे, पण ४१२ पानं त्यात बसवायची म्हणजे ओढाताण आहे.

पण धागाकर्तीनं आधी एक गाठ सोडवून घ्यावी, कारण आपल्याकडे दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, गाथा, दासबोध यांच्या मूळ शब्दांवर आज कुणाचाही हक्क नाही. नुसत्या मूळ ओव्या छापून 'सर्व हक्क स्वाधीन' लिहिलं म्हणून त्या ओव्या कुणाच्या होत नाहीत. त्यांच्या जुन्या प्रती बिनधास्त उतरवा. हक्क असतो तो नव्या अर्थावर, टीपांवर, प्रस्तावनेवर, अनुवादावर.

१९५७ च्या कायद्यानं हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. आधी ५० होती. रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत होती म्हणून ती दहा वर्षांनी वाढवली. आता हिशोब करा. टिळक १९२० साली गेले, 'गीतारहस्य' कधीच मोकळं झालंय. साने गुरुजी १९५० साली गेले, तेही मोकळं. विनोबा १९८२ साली गेले, म्हणजे 'गीताई' २०४२ अखेरपर्यंत नाही. सोनोपंत दांडेकर १९६८ साली गेले, त्यांनी केलेल्या अर्थाला अजून २०२८ अखेरपर्यंत मुदत आहे. तुमचे विवरणकार तर हयातच आहेत. तेव्हा कायद्याच्या बाजूनं उत्तर सरळ आहे: ही प्रत बेकायदा आहे. पाप आहे का, ते मला सांगता येणार नाही.

जुळाऱ्याची लेक
सरळमार्गी, "नुकसान कुठं झालं" याचं उत्तर मी देते. माझे वडील एका छोट्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. पोथ्या, आरत्या, गुरुचरित्र, लग्नपत्रिका, जे येईल ते. नंतर तिथंच मुद्रितं तपासायला लागले. घरी रात्री कंदिलासारखा पिवळा बल्ब, एका बाजूला हस्तलिखित, एका बाजूला तपासायची छापील गॅली, आणि आई मोठ्यानं वाचायची. 'नि' ऱ्हस्व की दीर्घ यावरून जेवण निवायचं. ओवीतला एक अनुस्वार चुकला तर ते दुसऱ्या दिवशी मालकाशी भांडायचे, कारण कुणीतरी तो तसाच पाठ करणार.

धार्मिक पुस्तकांची किंमत आधीच कमी ठेवतात. हजार प्रती काढल्या तर संपायला पाच-सहा वर्षं लागतात. त्या संपत आल्या की दुसरी आवृत्ती काढायची का हे ठरतं. आता ग्रुपवर पीडीएफ फिरली की उरलेल्या शंभर-दीडशे प्रती तशाच पडून राहतात. तेवढ्यामुळे दुसरी आवृत्ती अडते. गोदामातली प्रत कमी झाली नाही हे खरंच आहे. ती कमी होत नाही, हेच दुखणं आहे.

आणि ताई, तुम्ही झेरॉक्सवाल्याला साडेतीनशे दिलेत. एका खंडाची किंमत आठशे. म्हणजे निम्म्याच्या आसपास पैसे गेलेच, फक्त ज्यानं ते विवरण वीस वर्षं खपून लिहिलं त्याला सोडून इतर सगळ्यांना मिळाले. तुम्हाला दोष देत नाहीये. आठशे नव्हते आणि साडेतीनशे होते, हे मला पुरतं कळतं, आमच्याकडेही तेच दिवस होते. पण झालं काय ते असं.

माळावरची
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झेरॉक्सवाल्याला पैसे देताना मला वाटलं, मी पैसे मोजूनच घेतेय.

टाळकरी
जुळाऱ्याची लेक, तुमच्या वडिलांना दंडवत. त्यांच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण मग गरिबानं काय करायचं? ज्याच्याकडे आठशे नाहीत त्यानं अर्थ समजून घ्यायचाच नाही? संस्कृतात अडकलेलं ज्ञान मराठीत आणलं ते कशासाठी? ते आता किमतीत अडकवायचं?

कृष्णाकाठ
टाळकरी, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर "घ्या उतरवून" हे नाही. मी सांगलीकडचा जैन. आमच्याकडं दानाचे चार प्रकार सांगतात: आहार, औषध, शास्त्र, अभय. त्यातलं शास्त्रदान म्हणजे ग्रंथ छापून वाटणं. घरात कुणी गेलं, कुणाचं लग्न ठरलं, की एखाद्या ग्रंथाचा खर्च उचलतात आणि किमतीच्या जागी 'स्वाध्याय' असं छापतात. माझ्या आजीच्या नावानं आम्ही तत्त्वार्थसूत्र या आमच्या धर्मग्रंथाच्या मराठी अर्थाच्या पाचशे प्रती अशाच दिल्या. गरिबाला ग्रंथ मिळावा याची सोय समाजानं करायची असते, ज्याच्याकडं आहे त्यानं करायची असते. ती लिहिणाऱ्याच्या खिशातून परस्पर करायची नसते.

आता त्या तत्त्वार्थसूत्रात काय आहे ते बघा. चोरीची व्याख्या दोन शब्दांची: अदत्तादानं स्तेयम्. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. दुसऱ्याचं नुकसान झालं का, त्याला कळलं का, आपल्याला गरज होती का, यातलं काही त्यात नाही. दिलं होतं का, एवढंच. पुढं चोरी न करण्याच्या व्रतातले दोष सांगितलेत, त्यात 'तदाहृतादान' आहे, म्हणजे दुसऱ्यानं चोरून आणलेलं घेणं. स्कॅन ताईंनी केलं नाही, ग्रुपवर ताईंनी टाकलं नाही, तरी हा दोष राहतो. त्याच सूत्रात 'प्रतिरूपकव्यवहार' पण आहे, खऱ्याच्या जागी नक्कल खपवणं. माझे वडील व्यापारी होते, हे सूत्र त्यांनी दुकानात लिहून लावलं होतं.

हे ताईंना टोचायला सांगत नाही. त्यांना जे टोचतंय ते उगाच नाही, एवढंच म्हणायचंय.

नागनदी
जय भीम. आमच्या पंचशीलातलं दुसरं शील तेच आहे, 'अदिन्नादाना वेरमणी', न दिलेलं घेण्यापासून दूर राहीन. मी ते रोज म्हणतो. तरीही मी झेरॉक्स वाचून शिकलोय आणि ते मी लपवत नाही.

बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून काढतंय. सवलतीच्या किमतीत मिळायचे, पण मिळायचे तेव्हा. मी कॉलेजात असताना अकरावा खंड, 'बुद्ध अँड हिज धम्म', कुठंच नव्हता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल किती लागतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. लोक शिदोरी बांधून येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं नेतात. तिथंही "संपला" हेच उत्तर. मागणी होती, पैसे द्यायची तयारी होती, पुस्तक नव्हतं. छपाई रखडल्याची मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ च्या डिसेंबरात स्वतःहून दखल घेतली, यावरून समजा. आम्ही चौघांनी एका सरांच्या खंडाची झेरॉक्स काढली. आता इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवता येतात, तेव्हा तो प्रश्न उरला नाही.

माझं म्हणणं असं की "मिळतंय पण परवडत नाही" आणि "कितीही पैसे दिले तरी मिळत नाही" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्यात दोष पुस्तक अडवून ठेवणाऱ्याकडेही जातो. ताईंचा प्रश्न पहिल्यातला दिसतो. पण विचारून बघितलं का?

टीपकागद
नागनदी, चांगला मुद्दा. शासनानं नीट केलं तर काय होतं याचंही उदाहरण आपल्याकडेच आहे. तुकोबांची गाथा १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली, त्यासाठी त्या वेळच्या मुंबई सरकारनं २४ हजार रुपये दिले होते. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या वह्या जमवून पाठ तपासले. १९५० साली आपल्या सरकारनं ती पुन्हा छापली आणि स्वस्तात दिली. पाठ तपासणाऱ्यांचे कष्टही भागले, वाचणाऱ्यालाही परवडली.

ब्रेलवाचक
मी अंध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. आमच्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात वाट करून दिली आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यासाठी ते वाचता येईल अशा रूपात आणता येतं, नफा न कमावता. मी स्वतः अशी पुस्तकं स्कॅन करून तपासून देतो.

त्या अनुभवावरून एक सांगतो. ग्रुपवर फिरणाऱ्या धार्मिक पीडीएफ फार वाईट असतात. यंत्रानं अक्षरं ओळखताना 'ध' चा 'घ' होतो, 'भ' चा 'म' होतो, आणि तसंच पुढं जातं. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा बजावून ठेवलं होतं, जो यात आपली ओवी घुसडेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली म्हणून समजा. टाळकरीबुवा, उतरवून घेण्याची परंपरा होती, हे खरं. पण तीत उतरवणारा आपलं नाव, शक, गाव शेवटी लिहायचा आणि चुकीची क्षमा मागायचा. त्या अंगठ्याच्या मालकानं काय लिहिलंय?

टाळकरी
ब्रेलवाचक, यावर मी गप्प. नरोटीची ओवी मी कीर्तनात कितीदा ऐकलीय, पण ती अशी कधी लावली नव्हती. नक्कल करणारा पोथीसमोर महिनोन्महिने बसायचा, त्यातच त्याचं मोल चुकतं व्हायचं. बटण दाबून येणारी नक्कल आणि ती नक्कल यांना मी एकाच तागडीत घातलं, ते बरोबर नव्हतं.

तरी गरिबाच्या बाजूनं एवढं म्हणेन: आधी वाटा दाखवा, मग चोरी म्हणा.

जुळाऱ्याची लेक
मग वाटा. तालुक्याला शासनमान्य वाचनालय असतंच, अ, ब, क किंवा ड वर्गातलं. थोडी अनामत भरावी लागते. ग्रंथपालाला सांगून मागणीवहीत पुस्तकाचं नाव लिहायचं. अनुदानातून खरेदी होते तेव्हा अशा मागण्या बघतात, निदान चांगला ग्रंथपाल बघतो. गीता प्रेसची मराठी पुस्तकं रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर अजून स्वस्त मिळतात, मूळ ज्ञानेश्वरीसुद्धा. आळंदी-पंढरपुरात जुन्या पोथ्यांची दुकानं आहेत. आणि सगळ्यात सोपं म्हणजे प्रकाशकाला फोन. लोकांना का संकोच वाटतो कळत नाही. शिलाई सुटलेली, कव्हर मळलेली प्रत प्रत्येकाकडे पडलेली असते. वडिलांच्या छापखान्यात अशा प्रती मागणाऱ्याला कधी नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

दूरदेशी
मी कॅनडात. इथं मागवायचं तर टपालखर्च पुस्तकाच्या कितीतरी पट होतो, म्हणून आमच्या मंडळात बऱ्याच जणांच्या फोनमध्ये अशाच पीडीएफ आहेत. आम्हाला तर पैशांची अडचणही नाही. मी आज माझ्या फोनमधल्या तीन पुस्तकांचे प्रकाशक शोधले, दोघांकडे खाते क्रमांक मागितला. तिसरं बंद झालंय. माळावरची, तुमच्या बाबांसाठी तिन्ही खंड घ्यायची माझी इच्छा आहे. व्यनि (खासगी निरोप) करू का?

माळावरची
दूरदेशी, मनापासून आभार, पण थांबा. काय काय झालं ते सांगते.

परवा रात्री जेवणं झाल्यावर बाबांना खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. सकाळी बघते तर स्पायरलची प्रत देवघरातून काढून कपाटावर ठेवलेली, आणि आजोबांची पोथी उघडलेली. मला एवढंच म्हणाले, "ओव्या माउलींच्या, त्याला कुणाला विचारायला नको. पण अर्थ त्या गृहस्थांनी केलाय ना? त्यांना विचार."

प्रकाशकाचा नंबर त्याच पीडीएफच्या दुसऱ्या पानावर होता. तिसऱ्या खेपेला एका बाईंनी उचलला. विवरणकारांच्या सूनबाई निघाल्या, घरूनच सगळं बघतात. मी सगळं सांगितलं, अंगठा, शिक्का, गायब पानं, पगार, सगळं. रडायला आलं मला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पहिला खंड आमच्याकडेच शिल्लक नाही, संपून दीड वर्ष झालं. दुसरा-तिसरा पडून आहे, म्हणून पहिला पुन्हा छापायचं धाडस होत नाही. पीडीएफ फिरते हे त्यांना माहीत होतं. फोन करून सांगणारी मी पहिलीच, असं म्हणाल्या.

त्यांनी आत जाऊन सासऱ्यांना विचारलं. निरोप आला: वडिलांना आहे ती प्रत खुशाल वाचू द्या, फक्त पुढं कुणाला पाठवू नका. गायब आठ पानं आणि अंगठ्याखालचं पान त्या त्यांच्या प्रतीवरून काढून पाठवतायत. माझा पत्ता विचारला, टपालाचे पैसे घेतले नाहीत. दुसरा खंड मी दोन हप्त्यांत घेतेय, पहिला हप्ता काल पाठवला.

ग्रुपवर मी लिहिलं की लेखकाच्या घरच्यांशी बोलणं झालंय, ही फाइल काढा. काहींनी वाईटसाईट लिहिलं. फाइल अजून तिथंच आहे.

नागनदी
ताई, वाईटसाईट बोलणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पहिल्या खंडाच्या छपाईला आगाऊ नोंदणी करून पैसे जमवता येतील का, त्या बाईंना विचाराल? ज्ञानेश्वरी माझ्या वाचनातली नाही, पण माझे एक नाव धरा.

कृष्णाकाठ
माझ्या दोन प्रती. एक तुमच्या तालुक्याच्या वाचनालयाला.

दूरदेशी
माझ्या दहा. मंडळात विचारून आकडा वाढवते.

टाळकरी
माउली, माझी एक. आणि दिंडीत शब्द टाकतो. बाबांचं पारायण कुठवर आलं?

माळावरची
विचारते सूनबाईंना, उद्याच फोन करते.

स्पायरलची प्रत पुन्हा देवघरात आलीय. बाबा १९५ व्या पानावर थांबलेत, तिथं मोरपीस घालून ठेवलंय. रोज पोस्टमन गल्लीत वळला की ओट्यावर जाऊन उभे राहतात.